घरातला माणूस अपघातात गेला तर: कोल्हापुरात भरपाईचा दावा कसा चालवायचा

दाजींच्या रक्षाविसर्जनाच्या दिवशीच एक माणूस घरी आला. काखेत फाईल, बोलणं एकदम आपुलकीचं. "वकील आपलेच आहेत, तुम्ही फक्त सह्या करा. मिळेल त्यातला चौथा हिस्सा आमचा." आक्का आत भिंतीला टेकून बसलेली. मी त्याला हाकललंही नाही, कारण मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढं चार वर्षं कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात हेलपाटे घातले आणि मग कळलं, की दाव्यात किती मिळणार हे बरंचसं पहिल्या महिन्यातच ठरलेलं असतं. कोर्टात नाही, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात आणि आपल्या घरातल्या कपाटात.

मी वकील नाही. लिहितोय ते बहिणीचा दावा चालवताना शिकलेलं आणि नंतर चार घरांना कागद जमवून देताना पक्कं झालेलं. मुख्यतः रस्ते अपघाताबद्दल लिहितो, कारण आपल्याकडं बहुतेक घरांवर हीच वेळ येते. कारखान्यातला मृत्यू, विजेचा धक्का, दवाखान्यातली हयगय यांच्या वाटा वेगळ्या आहेत, त्या शेवटाकडं थोडक्यात सांगतो.

पहिले काही दिवस: पीएम टाळू नका

अपघात झाल्यावर माणूस जागीच गेला तर पोलीस मृतदेह सीपीआरला (कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात नेतात आणि शवविच्छेदन, म्हणजे पीएम, होतं. घोटाळा होतो तो माणूस पंधरा-वीस दिवसांनी जातो तेव्हा. खासगी दवाखान्याचं बिल फुगत जातं, डॉक्टर आशा नाही म्हणतात, घरचे 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय, असं लिहून देऊन पेशंट घरी आणतात आणि चार दिवसांत सगळं संपतं. तेव्हा कुणालाच पीएम नको असतं. "आता कशाला चिरफाड?" ही भावना मला कळते. पण पीएम नसेल तर विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढते, की मृत्यू अपघातानं झाला याला पुरावा काय? अपघातातला जखमी कितीही दिवसांनी गेला, तरी आधी पोलिसांना कळवा आणि पीएम करून घ्या. तोवरच्या उपचारांची बिलंही ठेवा, औषधाच्या दुकानाच्या पावत्यांसकट. ती रक्कमसुद्धा दाव्यात मागता येते.

त्याच आठवड्यात एफआयआर नीट वाचा. दुःखात कुणीतरी नातेवाईक फिर्याद देतो, जे लिहिलं जाईल त्यावर सही करतो. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कोणती गाडी कुठल्या बाजूनं आली, एवढं तरी बरोबर हवं. चूक दिसली तर लगेच पुरवणी जबाब द्यायला जा. तीन महिन्यांनी सुचलेली दुरुस्ती कोर्टात संशयास्पद दिसते.

दाजी शिरोली एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून मोटारसायकलवरून येत होते. जानेवारी, उसाचा हंगाम. रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ते मागून धडकले. पंचनाम्यात रिफ्लेक्टरचा उल्लेखच नव्हता. आमचं नशीब, की जमलेल्यांपैकी एका पोरानं मोबाइलवर फोटो काढले होते. पुढं विमा कंपनीनं "हाच मागून येऊन आदळला, चूक याचीच" म्हटलं, तेव्हा ते फोटोच कामी आले. तरी वीस टक्के चूक दाजींची धरून तेवढी रक्कम कापली. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. हेल्मेट नव्हतं, गाडीवर तिघं होते, दारू प्याला होता असे मुद्देही कंपनी याच खात्यात टाकते. अपघाताच्या जागेचे फोटो कुणी काढलेत का, जवळच्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलवर सीसीटीव्ही आहे का, हे पहिल्या आठवड्यातच विचारा. बहुतेक कॅमेऱ्यांत जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. आणि फोटो ज्याच्या मोबाइलमध्ये आहेत त्याचं नाव लिहून ठेवा. कोर्टात त्याचं प्रमाणपत्र लागतं, नुसती प्रिंट चालत नाही.

कागद

पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, पीएम रिपोर्ट आणि समोरच्या गाडीचं आरसी, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना यांच्या प्रती घ्यायच्या. नंतर दोषारोपपत्राची प्रत. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडं पाठवायचा असतो. या सविस्तर अहवालाला बोलताना सगळे 'डार' म्हणतात. तो गेला का, हे तपास अधिकाऱ्याला विचारत राहा. विचारणारा असला की फाईल हलते. गाडीचा नंबर हाती असेल तर परिवहन खात्याच्या ॲपवर विमा कधीपर्यंत होता तेही दिसतं.

मृत्यूचा दाखला जिथं मृत्यू झाला तिथल्या नोंदीतून मिळतो. सीपीआरला गेला असेल तर महापालिकेकडून, गावी गेला असेल तर ग्रामपंचायतीतून. आठ-दहा प्रती काढा, कारण बँक, एलआयसी, तलाठी, कोर्ट, प्रत्येकाला एक लागते. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का ते दाखला हातात पडताच बघा.

आता कपाट उघडा. वय आणि उत्पन्न, या दोन गोष्टींवर सगळा हिशेब उभा असतो.

वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला शोधा. आधारवरची जन्मतारीख पुष्कळदा अंदाजानं लिहिलेली असते, आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळेचा दाखला त्याहून ग्राह्य, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अशाच एका भरपाईच्या खटल्यात सांगितलं. एक-दोन वर्षांनी काय फरक पडतो, असं वाटेल. पुढं आकडे पाहा म्हणजे कळेल.

उत्पन्नाचं म्हणाल, तर पगारदाराचं सोपं: पगारपत्रक, बँक खातं, फॉर्म १६. शेतकऱ्याच्या घरात मात्र सगळे ७/१२ आणि ८अ घेऊन निघतात आणि तिथंच थांबतात. कंपनीचा वकील उभा राहून म्हणतो, "जमीन तर घरातच आहे, नुकसान कसलं?" त्यात तथ्य आहे. न्यायालय जमिनीचं सगळं उत्पन्न बुडालं असं धरत नाही, तो माणूस राबत होता त्या राबण्याची आणि देखरेखीची किंमत धरतं. म्हणून तो स्वतः काय करत होता हे दाखवायला हवं. कारखान्याची ऊस बिलं त्याच्या नावची, दूध संस्थेचं पासबुक, ट्रॅक्टर भाड्यानं लावत असेल तर त्याच्या पावत्या, तो गेल्यावर मजूर लावावा लागला असेल तर त्याची मजुरी. इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा कामगार, गवंडी, सेंट्रिंगवाला यांच्याकडं काहीच कागद नसतात. मग मालकाला किंवा मुकादमाला साक्षीला आणा. कुणीच आलं नाही तर न्यायालय किमान वेतनाचा आधार घेतं, आणि तो आकडा खऱ्या कमाईपेक्षा कमी भरतो.

घर सांभाळणारी बाई गेली तर "ती कुठं कमवत होती?" हा प्रश्न घरचेच विचारतात, हे मी कानांनी ऐकलंय. न्यायालय असं विचारत नाही. गृहिणीच्या कामाचं मोल पैशात धरलं जातं आणि त्यात भविष्यातली वाढही मिळवता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय.

मुदत: जुन्या माणसांचं ऐकू नका

आमच्या वेळी, २०१८ मध्ये, दावा टाकायला मुदतीचं बंधन नव्हतं. "कधीही टाक, घाई काय," हा सल्ला त्यामुळंच अजून पारावर फिरतो. तो आता चुकीचा आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. या अटीला न्यायालयांत आव्हान दिलं गेलंय, पण त्या वादाच्या भरवशावर आपला दावा टांगू नका. वर्षश्राद्ध झाल्यावर बघू म्हणालात तर उशीर झालेला असेल.

दावा कुठं आणि कुणी करायचा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज जातो. आपल्या जिल्ह्यात ते जिल्हा न्यायालयातच बसतं. अपघात जिथं झाला तिथं, तुम्ही राहता तिथं किंवा समोरचा राहतो तिथं, यांपैकी कुठंही दावा टाकता येतो. कोल्हापूरकरांना याचा फार उपयोग आहे. आपला माणूस कागलच्या पुढं, निपाणीजवळ, कर्नाटक पासिंगच्या ट्रकखाली गेला तरी दावा कोल्हापुरात चालतो. फक्त पोलीस कागद कन्नडमध्ये येतात. त्यांचं भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो, ते काम आधी लावा.

बायको, मुलं, आई-वडील हे सगळे अर्जदार होतात. कुणी सह्या करायला तयार नसेल तर त्याला प्रतिवादी म्हणून दाखवावं लागतं, वगळता येत नाही. आणि इथंच घरं फुटतात. सासऱ्यांना वाटतं सून माहेरी जाईल, पैसे घेऊन. सुनेला वाटतं दीर सगळं खाईल. आमच्याकडं आक्काच्या सासूबाई पहिले सहा महिने बोलत नव्हत्या. वाटा कुणाला किती हे न्यायाधीश ठरवतो, घरातल्या घरात भांडून ते ठरत नाही, एवढं सगळ्यांना सुरुवातीलाच सांगा. विधवेनं पुन्हा लग्न केलं म्हणून तिचा हक्क जात नाही, हेही मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलंय.

वकील आणि टक्केवारी

रक्षाविसर्जनाला आलेल्या त्या माणसाकडं वळतो. वकिलानं निकालाच्या रकमेत वाटा ठरवून घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तरी टक्केवारी सर्रास चालते, आणि हाती पैसे नसलेल्या घराला ती सोयीचीही वाटते. माझं मत विचाराल तर ठरावीक फी, तीही टप्प्याटप्प्यानं, लिहून घेऊन द्या. परवडत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आक्काला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दलाल आणखी एक गोष्ट सुचवतात: धडक देणारी गाडी सापडली नसेल तर ओळखीतली, विमा असलेली गाडी 'दाखवायची'. त्या नादाला लागू नका. तो फौजदारी गुन्हा आहे, आणि खरा असलेला मृत्यूही मग खोट्या दाव्यात गाडला जातो.

गाडी खरंच पळून गेली असेल आणि सापडतच नसेल, तर सरकारच्या योजनेतून मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. रक्कम लहान आहे, पण हक्काची आहे.

आकडा कसा निघतो

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवर, २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी, हा हिशेब उभा आहे. वकिलाच्या तोंडून ही नावं शंभरदा ऐकाल.

समजा ३४ वर्षांचा माणूस, कंत्राटी काम, महिना १८ हजार. मागं बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे झाले २,१६,०००. कायम नोकरी नाही आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: ३,०२,४००. (कायम नोकरी असती तर ५० टक्के.) अवलंबून असणारे चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: उरले २,२६,८००. मग गुणक, म्हणजे वयानुसार ठरलेला गुणायचा आकडा: ३१ ते ३५ वयाला १६. गुणाकार ३६,२८,८००. यावर प्रत्येक जवळच्या माणसाला सहवास गमावल्याबद्दल, आणि एकूण मालमत्तेचं नुकसान व अंत्यसंस्कार यांसाठी ठरावीक रकमा मिळतात. २०१७ मध्ये त्या ४० हजार, १५ हजार, १५ हजार होत्या, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात. आज ४८ हजार आणि १८ हजारांच्या आसपास धरल्या, तर चौघांचे १,९२,००० आणि वरचे ३६,०००. एकूण ३८,५६,८००. शिवाय अर्ज दाखल केल्या तारखेपासून व्याज. अंत्यसंस्काराच्या रकमेला पावती लागत नाही. पंचगंगेवर महापालिका विनाशुल्क अग्नी देते म्हणून ती रक्कम सोडायचं कारण नाही.

आता वयाचं बघा. चाळिसाव्या वर्षी गुणक १५, एकेचाळिसाव्या वर्षी १४. त्यात वय ४० च्या आत असेल तर वाढ ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५ टक्के. जन्मतारखेतली दोन वर्षांची चूक काही लाखांना पडते ती अशी. अविवाहित मुलगा गेला तर खर्चापोटी निम्मी वजावट होते, हेही आई-बापांनी आधी समजून घेतलेलं बरं, म्हणजे निकालाच्या दिवशी धक्का बसत नाही.

एलआयसीचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कमी होत नाही. कंपनीचा माणूस बाहेर भेटून तसं सुचवेल, ऐकून सोडून द्या.

सही करण्याआधी

दावा टाकल्यावर, कधी त्याआधीच, विमा कंपनीचा प्रस्ताव येतो. कलम १६४ खाली कुणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख मिळू शकतात. घरात चूल पेटायची मारामार असते, पाच लाख डोळ्यांपुढं दिसतात. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. वरचा हिशेब स्वतः कागदावर मांडल्याशिवाय कशावरही सही करू नका. चूक आपल्याच माणसाची होती हे उघड असेल, तर मात्र हीच वाट शहाणपणाची ठरू शकते.

लोकअदालतीचंही तसंच. तडजोड झाली की अपील नाही, पण पैसे लवकर हातात येतात. कंपनी हिशेबाच्या जवळपास येत असेल तर मी तडजोडीच्या बाजूचा आहे. चार वर्षांत आक्कानं प्रत्येक तारखेला तो अपघात नव्यानं जगला. उलटतपासणीत तिला विचारलं, "तुमचे पती रोज दारू पीत होते, हे खरं आहे का?" ते असंच विचारतात, सगळ्यांनाच. साक्षीला उभ्या राहणाऱ्या बाईला हे आधी सांगून ठेवा.

समोरच्या गाडीचा विमा संपलेला असेल, किंवा आमच्यासारखं, ट्रॅक्टरचा आहे पण ट्रॉलीचा नाही असा वाद निघाला, तर घाबरू नका. काही वेळा न्यायालय कंपनीला आधी भरायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. विमा मुळीच नसेल तर मालक जबाबदार, आणि वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. अशा वेळी मालकाच्या नावावर काय आहे ते आधीच शोधून ठेवा.

दाव्यापलीकडचे पैसे

याला मुदती फार कमी असतात आणि दुःखात त्या निघून जातात. बँकेचं पासबुक उघडा. मे-जूनच्या सुमारास २० रुपये वजा झालेले दिसले, तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ रुपये दिसले तर जीवनज्योती, आणखी २ लाख. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून २ लाख, तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तीस दिवसांत अर्ज. आणि माणूस स्वतःच्याच गाडीवरून घसरून गेला, दुसरं वाहनच नव्हतं, तर त्याच्या स्वतःच्या विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं संरक्षण होतं का ते पाहा. पुष्कळ जण "आपलीच चूक, कोण देणार" म्हणून ती पॉलिसी उघडूनही बघत नाहीत.

रस्त्याबाहेरचे मृत्यू

कामावर असताना गेला तर मालकावर भरपाईचं बंधन असतं. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची जागा आता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतलीय. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) कामगार असेल तर कुटुंबाला दरमहा लाभ मिळतो, त्या कार्यालयात जा. कामावर असताना वाहनानं मृत्यू झाला तर वाहन कायदा किंवा कामगार कायदा, एकच वाट निवडावी लागते. शेतात तुटलेल्या तारेचा धक्का बसून गेला तर वीज कंपनीची जबाबदारी, तिची चूक सिद्ध न करताही, सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये मानलीय. विद्युत निरीक्षकाचा अहवाल मागा. दिवाणी दाव्याला मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत आहे. दवाखान्यातल्या हयगयीसाठी ग्राहक आयोग, तिथंही दोन वर्षं, आणि केस पेपर पहिल्याच दिवशी लेखी मागायचे.

निकालानंतर

निकाल न पटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, पहाटेची गाडी, वकिलाचा वेगळा खर्च. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं जिल्ह्याबाहेर जायची गरज उरलेली नाही. कंपनी अपिलात गेली तरी रकमेचा काही भाग काढण्याची परवानगी मागता येते, ती मागायला वकिलाला सांगा.

पैसे थेट बँकेत येतात. मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो, आणि आईच्या वाट्यातलाही काही भाग ठेवीत टाकला जातो. आक्काला आधी याचा राग आला होता, "माझेच पैसे, मला का नाहीत?" दुसऱ्याच महिन्यात दोन भाऊबंद उसने मागायला आले, तेव्हा ठेवीची पावती दाखवून तिनं त्यांना वाटेला लावलं. मध्येच गरज पडली तर न्यायालयात अर्ज करून ठेव मोडता येते. भाचीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला आम्ही तसा अर्ज केला. प्रवेशाचं पत्र, कॉलेजचं फीचं पत्रक आणि पासबुकाची झेरॉक्स जोडली होती. तीन आठवड्यांत परवानगी मिळाली, आणि फीचा धनादेश बँकेनं थेट कॉलेजच्या नावानं काढला.